सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती आणि विमानात नक्की किती तास?

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. माझे वय ६७, सौ. ६३ वर्षांची. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन होजेला असते. सप्टेंबरात तिला बाळ होणार आहे, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दोघे निघणार. मी आयुष्यात एकदा दिल्लीला विमानाने गेलो आहे. सौ. अजून एकदाही विमानात बसलेली नाही.

बँकेत ३४ वर्षे आकडेमोड केली, पण हा हिशोब काही जुळेना. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने जाते असे धरले तर १५ तास. तिकिटे बघायला बसलो तर कुठे २० तास, कुठे २२, कुठे २६. बरे, एकाच मार्गावर जायला वेगळे तास आणि यायला वेगळे. आपली हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला जाताना जेवढा वेळ घेते साधारण तेवढाच येताना घेते. मग विमानाला काय होते?

दुसरे म्हणजे मुलगी म्हणते, "बाबा, खिडकीत बसा, ग्रीनलंड दिसेल." भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला आणि ग्रीनलंड पार वर टोकाला. तिकडे विमान कशाला जाईल?

तिसरी गोष्ट, तिकिटावर गुरुवारी पहाटे निघणे आणि गुरुवारीच दुपारी पोचणे लिहिले आहे. मधले तास कुठे गेले?

सौ. च्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. "किती वेळ बसावं लागेल हो?" असे ती रोज विचारते. तिला खरा आकडा सांगायचा आहे. कुणी नीट समजावेल का?

नवीपेठ

काका, आधी अभिनंदन! तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे. ऑगस्टमध्ये आपले घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असते. तुमच्या प्रवासाला २२ तास लागले तरी तिथल्या घड्याळात साडेनऊच तास पुढे सरकलेले दिसतील. येताना हेच उलटे होईल आणि एक तारीख गेल्यासारखी वाटेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचे घड्याळ एक तास मागे जाते, मग फरक साडेतेरा तासांचा. फोनच्या वेळा तेव्हा पुन्हा ठरवाव्या लागतील.

बाळीवेस

काका, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते की. विमान वर असताना खालून जमीन सरकते. म्हणून एकीकडं जाताना लवकर, दुसरीकडं उशीर. शाळेत असंच शिकवलं होतं आम्हाला.

उड्डाणकक्ष

बाळीवेस, हा समज फार जणांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी विमानांच्या मार्गआखणीच्या खात्यात काम करतो. रोज हेच गणित मांडतो.

पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडते. तसे नसते तर जागच्या जागी उडणारी घार तासाभरात शेकडो किलोमीटर मागे पडली असती. खरे कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी १५० किलोमीटर, कधी ३०० च्याही वर. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे हे वारे तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. म्हणजे पृथ्वीचे फिरणे कामाला येते, पण वाऱ्याच्या मार्फत.

काका, आता तुमचा भागाकार. ९०० हा हवेतला वेग. जमिनीवरचा वेग म्हणजे त्यात वारा अधिक किंवा उणे. १३,००० किलोमीटर जायचे आहे आणि वाटभर सरासरी १०० चा वारा पाठीशी मिळाला तर वेग १,०००, वेळ १३ तास. तोच वारा समोरून आला तर वेग ८००, वेळ सव्वासोळा तास. रस्ता तोच, विमान तेच, फरक सव्वातीन तासांचा.

हे वारे हिवाळ्यात जोरात असतात, उन्हाळ्यात मंदावतात. तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय म्हणजे पश्चिमेकडे जाताना त्यातल्या त्यात कमी विरोध. जानेवारी-फेब्रुवारीत परत याल तेव्हा पाठीशी भरपूर वारा. तुमच्या दृष्टीने दोन्ही चांगले.

म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो की किलोमीटर बघू नका, मिनिटे बघा. याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केले. ते अटलांटिकवरून जायचे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० झाले आणि वेळ साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा कमी. चौदाशे किलोमीटर जास्त उडून वेळ आणि इंधन वाचले, कारण वारा पाठीशी होता.

बाळीवेस

हे लई भारी आहे. चाळीस वर्षं चुकीचं डोक्यात होतं. धन्यवाद सर.

निवृत्त_मास्तर

ग्रीनलंडचे उत्तर मी देतो, भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला.

जुळेसोलापूर, घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर घ्या, नसेल तर जवळच्या शाळेत जा. सोबत आपल्या चादरीच्या सुताचा एक तुकडा असू द्या. एक टोक मुंबईवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि सूत ताणा. ताणलेले सूत आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसते, तुम्हाला काही ठरवावे लागत नाही. ते अरबस्तानावरून, अटलांटिकवरून जाणारच नाही. सरळ वर हिमालय, सैबेरिया, आर्क्टिक महासागर आणि मग अलास्का, कॅनडाच्या बाजूने खाली उतरेल. ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत ते वर चढते.

तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर हे सूत सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. आता भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून जी सरळ रेघ येते, अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी, तीच वाट गोलावर सुताने मापा. ४५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. संत्र्याची साल टेबलावर सपाट करायला गेलात तर ती फाटते. न फाटता सपाट करायची तर वरचा-खालचा भाग ताणावा लागतो. नकाशात ध्रुवाकडचा भाग असाच ताणलेला असतो, म्हणून ग्रीनलंड एवढे अवाढव्य दिसते आणि जवळची वाट लांबची वाटते.

वर्गात मी पोरांना एक प्रश्न विचारायचो. सिद्धेश्वराच्या देवळापाशी उभे राहा आणि अमेरिका कुठे आहे ते बोट करून दाखवा. सगळी पोरे पश्चिमेला, पुणे रस्त्याकडे बोट करायची. गणिताने काढले तर सोलापुराहून सॅन फ्रान्सिस्कोची दिशा उत्तरेपासून १७ अंश पूर्वेला येते. म्हणजे साधारण तुळजापूरच्या अंगाला! आणि न्यूयॉर्क उत्तरेपासून २५ अंश पश्चिमेला, साधारण बार्शीच्या अंगाला. सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,६०० किलोमीटर, न्यूयॉर्क सुमारे १२,८००. दोन्ही शहरे एकाच देशात, तरी एक आपल्या उजव्या हाताला आणि एक डाव्या. वहिनींना सांगा, लेक तुळजापूरच्या दिशेला आहे.

सनीवेलची_सोलापूरकर

सर, डोळ्यांत पाणी आलं हे वाचून. अकरा वर्षं इथे कॅलिफोर्नियात राहते, आई कुठल्या दिशेला आहे हे आज कळलं.

अक्कलकोटरोड

मास्तर, गोलावर सूत हिमालयावरून जातंय हे खरं, पण विमानं तशी जात नाहीत ना? टॉवेलच्या धंद्यासाठी दोन-तीनदा तिकडे गेलोय. समोरच्या पडद्यावर वाट वेगळीच दिसायची.

उड्डाणकक्ष

बरोबर ओळखलेत. सूत ही सगळ्यात जवळची वाट, प्रत्यक्षात विमान तिच्या आसपास राहते. हिमालय आणि तिबेट टाळण्याचे कारण असे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागते. प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तिबेटचे पठारच साडेचार किलोमीटर उंच, मग खाली येणार कुठे? शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ लागतो.

तिसरा अडथळा माणसांनी घातलेला. फेब्रुवारी २०२२ अखेर युक्रेन युद्ध सुरू झाले आणि रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो विमानाला पूर्वी नऊ तास लागायचे, ते तेरावर गेले. ध्रुवाला वळसा घालावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने आधी खाली गुजरातकडे वळून मग समुद्रावर जायला लागली. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाला किती तास लागले ते धरून चालू नका. तुमच्या तारखेच्या तिकिटावर काय लिहिले आहे तेच बघा.

ध्रुवाजवळून जाणारी विमाने आहेतच. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला एअर इंडियाचे पहिले थेट विमान उत्तर ध्रुवावरून आले. सरळ अंतर १४,००० किलोमीटरच्या जवळ, वेळ सुमारे १७ तास. वैमानिक सगळ्या महिला होत्या, नेतृत्व कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याकडे. मला व्यवसायातला अभिमान वाटावा असा तो दिवस होता.

जुळेसोलापूर

मास्तर, नातवाच्या गोलावर सूत ताणून पाहिले. सौ. शेजारी बसली होती. तुळजापूरचे ऐकून ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली. तुमचे उपकार आहेत.

आता व्यवहाराचे. थेट विमान, आखाती देशातून, युरोपातून, की सिंगापूरहून?

सनीवेलची_सोलापूरकर

काका, मी सगळे प्रकार करून बसले आहे.

दुबईमार्गे गेलात तर पहिला टप्पा १,९०० किलोमीटर, तीन-साडेतीन तासांचा, आणि दुसरा १३,००० किलोमीटर, सोळा तासांच्या आसपास. म्हणजे लांबची बैठक काही टळत नाही, वर एक उतरचढ. काकूंच्या गुडघ्यांना हा सगळ्यात वाईट. सिंगापूरचंही तसंच. आधी साडेपाच तास उलट दिशेला जायचं, मग पुन्हा १३,६०० किलोमीटर.

फ्रँकफर्टमार्गे एकूण अंतर जास्त, पण ते जवळजवळ मधोमध तुटतं. मुंबई ते फ्रँकफर्ट ६,६०० किलोमीटर, नऊ तास. तिथून ९,१०० किलोमीटर, साडेअकरा तास. मास्तरांचं सूत फ्रँकफर्टपासून ताणलंत तर ते ग्रीनलंडवरून जातं, तुमची मुलगी म्हणते ते या टप्प्यात. मध्ये दोन-अडीच तास चालायला, पाय मोकळे करायला. माझ्या आईला (तिलाही गुडघेदुखी) हाच मानवला.

थेट विमानात एकूण वेळ कमी हे खरं, पण एका दमात पंधरा-सोळा तास. ज्यांना मध्ये विमानतळावर भांबावायला होतं त्यांच्यासाठी ते उत्तम. काकूंना मात्र "एकूण किती" हा प्रश्न नाहीच, "सलग किती" हा आहे. त्याचं उत्तर द्या.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, तिचे पैसे लागत नाहीत. चालता येत असलं तरी सांगा, कारण फ्रँकफर्टला गेट बदलायला खूप चालावं लागतं. आतल्या वाटेकडची जागा घ्या, दर दीड-दोन तासांनी उठवा, पाणी पाजत राहा. पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, घट्ट मोजे सगळ्यांनाच चालत नाहीत.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल आणा. उतरल्यावर अधिकाऱ्याने खाण्याचं काही आहे का विचारलं तर "हो" म्हणायचं आणि काय आहे ते सांगायचं. ताजी फळं, बियाणं आणू नका.

अक्कलकोटरोड

सोलापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आम्ही हैदराबादहून जातो. नातेवाईक तिकडेच, आणि रस्ता ३१० किलोमीटर, सरळसोट. मुंबई रेल्वेने ४५५ किलोमीटर. हैदराबाद ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर मुंबईएवढंच, साडेतेरा हजार. शमशाबादचा विमानतळ गावाच्या आपल्या बाजूला नसला तरी बाहेरच्या बाहेर रिंग रोडने पोचता येतं, गर्दी लागत नाही.

नवीपेठ

आता आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरूनही सोय झाली आहे. जून २०२५ मध्ये गोवा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई सुरू झाले. सरळ रेषेत मुंबई ३६० किलोमीटर, तासाभराचे उड्डाण.

पण एक कळकळीने सांगतो. आधीचे छोटे विमान आणि पुढचे परदेशाचे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. माझ्या भावाचे असे झाले. पहिले विमान, कुठले ते सांगत नाही, चार तास उशिरा सुटले आणि त्याचे पुढचे तिकीट वाया गेले. नवे तिकीट पदराला खार लावून काढावे लागले. म्हणून एक दिवस आधी मुंबईत पोचा. वंदे भारत साडेसहा तासांत सोडते, नाहीतर आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच, रात्री झोपून सकाळी ठाणे-दादर.

उड्डाणकक्ष

मुंबईत उशीर का होतो तेही सांगतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. ऑगस्टचा पाऊस त्यात भर. आणि तिकिटावरचे तास म्हणजे हवेतले तास नव्हेत. गेटवरून हलल्यापासून गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ. त्यात जमिनीवर रांगेत उभे राहण्याची मिनिटे आणि थोडी राखीव वेळही धरलेली असते. "उशिरा सुटूनही वेळेत पोचलो" असे लोक म्हणतात ते त्यामुळे.

जुळेसोलापूर

ठरले. सिद्धेश्वरने ठाणे, मेहुणीकडे दिवसभर विश्रांती, मग फ्रँकफर्टमार्गे. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे. व्हीलचेअर सांगितली. सौ. ला सांगितले, सलग जास्तीत जास्त साडेअकरा तास. ती म्हणाली, "एवढं तर मी बाळंतपणात उभ्यानं काढलंय."

जुळेसोलापूर (ऑक्टोबर)

पोचल्यावर लगेच लिहायचे होते, पण नातीने सवड दिली नाही. होय, नात झाली. दोघी खुशाल आहेत.

वहीत सगळ्या वेळा टिपल्या होत्या, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून देतो. वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या.

मंगळवार, रात्री पावणेदहा : जुळे सोलापुरातले घर सोडले.
गुरुवार, पहाटे २.५५ : मुंबईहून निघालो.
गुरुवार, सकाळी ८.२५ : फ्रँकफर्ट. नऊ तास.
गुरुवार, सकाळी १०.०५ : फ्रँकफर्टहून निघालो.
गुरुवार, दुपारी १२.३५ : सॅन फ्रान्सिस्को. साडेअकरा तास.
गुरुवार, दुपारी अडीच : मुलीच्या घराचे दार.

विमानात साडेवीस तास. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, मधला थांबा धरून, २२ तास १० मिनिटे. आणि दारापासून दारापर्यंत ५३ तास १५ मिनिटे, त्यात ठाण्याची विश्रांती आली. सौ. चा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता त्याची ही तीन उत्तरे, तिन्ही खरी.

दुसऱ्या टप्प्यात पडद्यावरचा जमिनीवरचा वेग मी सतत बघत होतो. ८६०, ८३०, मध्येच ८१०. उड्डाणकक्ष साहेब, वारा समोरून आहे हे मला कुणी सांगावे लागले नाही. सकाळी दहाला निघालो आणि साडेबाराला उतरलो, साडेअकरा तास सूर्य जवळजवळ एकाच जागी. लोकांनी खिडक्यांचे पडदे ओढून रात्र केली होती. आमचा मी थोडा उघडा ठेवला. मग ग्रीनलंड आले. काळे डोंगर आणि त्यांच्या मधून पसरलेले पांढरे बर्फ, नजर पोचेल तिथवर. सौ. ला उठवले. तिने काचेला कपाळ लावले ते वीस मिनिटे काढले नाही. गुडघ्यांची आठवण तिला त्या वीस मिनिटांत झाली नाही.

मास्तर, तुमच्यासाठी एक. इथून सोलापूरची दिशा मी जावयाकडून काढून घेतली. उत्तरेपासून साधारण वीस अंश पश्चिमेला. घराच्या मागच्या अंगणात त्या बाजूला एक लिंबाचे झाड आहे. सौ. सकाळी नातीला मांडीवर घेऊन तिथे बसते, झाडाकडे तोंड करून तुळजापूरच्या आईसाहेबांना हात जोडते आणि नातीचेही इवलेसे हात जोडून देते.